अक्षरसंकेतांचे स्थलांतर आणि पाठनिर्णय

मराठी मजकुराचा फार मोठा साठा आज मुक्तस्रोत आज्ञावलींच्या आधाराने उभा आहे. मराठी विकिपीडियाची पाने, नियतकालिकांची संकेतस्थळे, ग्रंथालयांच्या सूची, भाषाविभागांनी जमविलेल्या शब्दयाद्या यांच्या मुळाशी बहुधा मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा त्याच जातीचा एखादा डेटाबेस असतो; आणि हा डेटाबेस दर काही वर्षांनी जुन्या अक्षरसंकेतनातून, म्हणजे ज्याला व्यवहारात एन्कोडिंग म्हणतात त्यातून, नव्या संकेतनात न्यावा लागतो. या कामाकडे आजवर अभियंत्यांची किरकोळ डागडुजी म्हणून पाहिले गेले आहे. मजकूर तोच राहतो, फक्त त्याची पेटी बदलते, अशी त्यामागची समजूत होय. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. स्थलांतराच्या प्रत्येक टप्प्यावर दोन पाठांपैकी एक स्वीकारला जातो व दुसरा टाकला जातो. हा निर्णय पाठचिकित्सेच्या कक्षेतला असून तो घेणाऱ्याला आपण असा काही निर्णय घेत आहोत याची जाणीवही बहुधा नसते. मुक्तस्रोत प्रकल्पांची कार्यपद्धती अन्य बाबतींत कितीही अनुकरणीय असली, तरी या एका ठिकाणी ती अपुरी पडते, असे म्हणणे भाग आहे.

प्रथम मजकूर साठविला कसा जातो ते पाहू. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णचिन्हाला एक संकेतांक आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत तो संकेतांक एक ते चार बाइटांत लिहिला जातो. देवनागरीच्या मूळ संचातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अंबाडी या गावाचे नाव घेतले, तर त्यात अ, अनुस्वार, ब, काना, ड आणि दीर्घ ईकाराची वेलांटी अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट येतात. पैकी 'अ'चे तीन बाइट दशमान पद्धतीने २२४, १६४, १३३ असे आहेत. आता हेच अठरा बाइट पाश्चात्त्य युरोपीय भाषांसाठी तयार झालेल्या एकबाइटी कोष्टकाने वाचले, तर सहा मराठी चिन्हांच्या जागी अठरा परकी चिन्हे दिसू लागतात : स्वराघाताचा रोमन 'ए', मग चलनाचे चिन्ह, मग तीन टिंबे, आणि पुन्हा तोच 'ए'. जुन्या संकेतस्थळांवर मराठीऐवजी दिसणारा तो ओळखीचा कचरा याच वाचनदोषातून निर्माण होतो.

हा वाचनदोष अपघाती नव्हता. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. त्याचे मूळ संकेतन लॅटिन-१ आणि मूळ तुलनाक्रम स्वीडिश होता, आणि ही मूळ निवड २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपर्यंत कायम राहिली. ४.१ या आवृत्तीपूर्वी तर स्तंभागणिक वेगळे संकेतन सांगण्याची सोयच नव्हती. परिणामी अनेक आज्ञावली यूटीएफ-८चे बाइट सरळ लॅटिन-१ म्हणवणाऱ्या स्तंभांत भरीत आणि तसेच परत काढीत. लिहिणारा व वाचणारा एकच चूक करीत असल्यामुळे मराठी नीट दिसे. चूक उघडी पडते ती स्थलांतराच्या दिवशी. 'हा लॅटिन-१ मजकूर यूटीएफ-८मध्ये बदला' अशी आज्ञा दिली, की डेटाबेस प्रामाणिकपणे अठराही बाइटांना स्वतंत्र अक्षरे मानतो आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा रूपांतर करतो. याला दुहेरी संकेतन म्हणतात. यावरचा योग्य उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे : स्तंभ आधी केवळ बाइटांचा, म्हणजे अक्षरविचार नसलेला करावा, आणि मग त्यावर नव्या संकेतनाची मोहर उमटवावी. मधल्या पायरीमुळे बाइटांना धक्का लागत नाही.

ही पायरी चुकली आणि दुरुस्ती नंतर बाहेरच्या साधनाने करण्याची वेळ आली, म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो. पाश्चात्त्य अक्षरांचे जे विंडोज कोष्टक सर्वत्र रूढ आहे, त्यातील पाच घरे रिकामी आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मायएसक्यूएल स्वतः ही घरे रिकामी मानीत नाही. पायथॉनमधले काटेकोर कोष्टक मात्र मानते. तिथे पोहोचताच ते अडखळते, किंवा दोष दुर्लक्षण्याची सूचना दिलेली असल्यास तो बाइट गाळून पुढे जाते. आता देवनागरीत या पाच घरांवर कोण बसले आहे ते पाहावे. हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा १२९. 'ए'चा १४३, 'ऐ'चा १४४ आणि 'झ'चा १५७. म्हणजे ज्या चिन्हावर मराठीतील सर्व जोडाक्षरे अवलंबून आहेत, नेमके तेच चिन्ह या चाळणीतून खाली पडते.

अंबाडी हे नाव या कसोटीतून सहीसलामत पार पडते, कारण त्याच्या सहा चिन्हांपैकी एकाचाही बाइट रिकाम्या घरावर येत नाही. त्याच परिसरातील वज्रेश्वरी हे नाव तसे नाही. त्यात दहा चिन्हे, तीस बाइट व दोन हलन्त आहेत. गाळण्याची सूचना दोन्ही दिशांनी असेल तर ते 'वजरेशवरी' होऊन बाहेर येते. गणेशपुरीचा उकार जाऊन 'गणेशपरी' उरते. वाड्याच्या वाटेवरील कुडूस या गावाचे होते 'कडूस', आणि येथे पाठचिकित्सकाने विशेष थबकले पाहिजे. 'वजरेशवरी' कोणत्याही मराठी वाचकाच्या डोळ्यांत खुपते. परंतु कडूस हे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले खरोखरीचे गाव आहे. बिघडलेला पाठ जेथे निरर्थक असतो तेथे तो दुरुस्त होण्याची आशा असते. जेथे तो सार्थ असतो तेथे तो मूळ पाठ म्हणून नांदू लागतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. नवे आहे ते एवढेच की येथे लेखनिकाने काही वाचलेलेच नव्हते.

आणखी दोन नावांची गोष्ट येथेच सांगून टाकणे योग्य. ठाणे या नावातील 'ठ'चा शेवटचा बाइट १६०, आणि तो पाश्चात्त्य कोष्टकात न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचा आहे. भिवंडीतील 'भ'चा १७३, तो अदृश्य संयोगचिन्हाचा. आज्ञावलीत नको असलेल्या मोकळ्या जागा व अदृश्य चिन्हे झाडून काढणारी एखादी निरुपद्रवी ओळ असते. ती दुहेरी संकेतनातील मजकुरावर चालली, की ठाण्याचा ठ आणि भिवंडीचा भ कचऱ्याबरोबर जातो. ही झाडलोट करणाऱ्याचा हेतू स्वच्छच असतो.

सारांश, त्याच परिसरातल्या नावांपैकी एक सुरक्षित राहते आणि बाकीची निरनिराळ्या रीतींनी जखमी होतात. स्थलांतराची चाचणी घेणाऱ्याने नमुन्यादाखल अंबाडी हा शब्द घेतला असता, तर चाचणी यशस्वी ठरली असती, आणि त्या यशावर विसंबून लक्षावधी ओळी हलविल्या गेल्या असत्या. चाचणीचा नमुना कोण निवडतो, हा प्रश्न म्हणून गौण नव्हे. मुक्तस्रोत प्रकल्पांत तो बहुधा आज्ञावली लिहिणाराच निवडतो. त्याला देवनागरीतील कोणताही एक शब्द हा देवनागरीचा प्रतिनिधी वाटतो. लिपीतील कोणती चिन्हे कोणत्या अडचणीत सापडतील हे सांगण्यासाठी लिपीची रचना आणि बाइटांची रचना दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो, आणि प्रचलित कार्यपद्धतीत त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नाही.

मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ८' या नावाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. ४.१ या आवृत्तीच्या घडणीच्या काळात, २००२ साली, मूळ आज्ञावलीत एक लहानसा बदल करण्यात आला, आणि यूटीएफ-८ यापुढे तीन बाइटांपर्यंतच चालेल अशा अर्थाची त्रोटक नोंद त्यासोबत ठेवण्यात आली. कारण दिलेले नव्हते. वास्तविक २००१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ३.१ मध्ये चार बाइट लागणारी चिन्हे दाखल झालेली होती. या एका ओळीचा परिणाम पुढे वर्षानुवर्षे टिकला : ज्याला साऱ्या जगाने यूटीएफ-८ समजून वापरले ते अपुरे यूटीएफ-८ होते, आणि पुरे संकेतन 'यूटीएफ८एमबी४' या आडनावाने २०१० साली, ५.५.३ या आवृत्तीत, वेगळे आणावे लागले.

देवनागरीला तीन बाइट पुरतात, तेव्हा मराठीला याची झळ लागत नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे मात्र नाही. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, आणि तिला मिळालेली जागा पूरक पातळीवरील आहे. मोडीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. ज्या लिपीत मराठीचा शतकानुशतकांचा दप्तरव्यवहार झाला तीच लिपी तीनबाइटी स्तंभात मावत नाही. बरे, मावत नाही म्हणजे केवळ ते अक्षर गळते असेही नाही. डेटाबेस शिथिल रीतीने चालविला असेल, आणि ५.७ पूर्वीच्या आवृत्त्यांत मूळ रीत शिथिलच होती, तर चार बाइटांचे पहिले अक्षर भेटताच तेथून पुढचा सर्व मजकूर तोडला जातो. एखाद्या सूचीकाराने कागदाच्या वर्णनात मध्येच एक मोडी शब्द जसाच्या तसा टंकलिखित केला, आणि पुढे देवनागरीत दोन परिच्छेदांची टीप लिहिली, तर शब्दाबरोबर टीपही जाते. सूचना मिळते ती डेटाबेसशी जोडलेल्या आज्ञावलीला, सूचीकाराला नव्हे.

वर्डप्रेसने हे स्थलांतर ४.२ या आवृत्तीत, एप्रिल २०१५ मध्ये, आपल्या वापरकर्त्यांसाठी केले. त्या घोषणेत चिनी, जपानी, कोरियन अक्षरांचा आणि गणिती व सांगीतिक चिन्हांचा उल्लेख होता. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र हसरी-रडकी चित्रचिन्हे. मोडीला घरात प्रवेश मिळाला तो या चित्रांच्या मागोमाग. त्या बदलाची एक तांत्रिक किंमतही होती आणि ती नमूद करण्यासारखी आहे. जुन्या इनोडीबी रचनेत सूचिकेच्या एका स्तंभाची मर्यादा ७६७ बाइटांची. तीन बाइटांच्या हिशेबाने तिथे २५५ अक्षरे मावत, चारच्या हिशेबाने १९१. म्हणून वर्डप्रेसने सूचिका १९१ अक्षरांवर आणल्या. ही तडजोड उघडपणे, कारणासहित व हिशेबासहित करण्यात आली. २००२ मधील त्या मूक ओळीशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे कार्यपद्धतीतील प्रगती दिसते आणि तिला दाद दिलीच पाहिजे.

येथवरचे दोष बाइटांचे होते. ते टळले, सर्व बाइट सुखरूप नव्या घरी पोहोचले, तरी काम संपत नाही. दोन शब्द समान केव्हा मानावेत, हे डेटाबेसला सांगावे लागते. या नियमसंचाला कोलेशन म्हणतात, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात गहन प्रश्न येथेच आहे.

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी व्याकरणाच्या वर्गात नेहमी येते : पहिल्यात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. उच्चारातील भेद स्पष्ट आहे. पहिल्यात रकाराने मागील अक्षर बंद होते व जड होते. दुसऱ्यात र आणि य एकत्रच पुढील स्वराला जोडून येतात व मागच्या अक्षरावर आघात येत नाही. लेखनात पहिल्याला रफार, दुसऱ्याला डोळ्यांच्या पापणीसारखा आडवा रकार. हा दुसरा रकार विशेषतः ईकारान्त व आकारान्त नामांच्या विकारी रूपांत उद्भवतो, म्हणजे तो मराठीच्या रूपविचाराचा भाग आहे. केवळ लिपीचा अलंकार नव्हे.

युनिकोडमध्ये हा रकार दोन रीतींनी लिहिता येतो. एक, 'ऱ' या ०९३१ क्रमांकाच्या अक्षरापुढे हलन्त. दुसरी, साध्या 'र'पुढे हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य, शून्यरुंदीचे जोडचिन्ह. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' हे कागदावर व पडद्यावर सारखेच दिसतात. साठ्यात ते भिन्न आहेत. प्रमाणक मानल्या गेलेल्या सामान्यीकरणाने ते एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते परस्परतुल्य नव्हेत. मीडियाविकी येणारा सर्व मजकूर सामान्यीकृत करून घेते; तरीही ही दोन रूपे वेगळीच राहतात.

आता जुन्या 'जनरल' कोलेशनमध्ये ठेवलेली एखादी शब्दयादी मायएसक्यूएल ८.० मध्ये, तिथल्या मूळ कोलेशनसह नेली, असे समजू. जुने कोलेशन प्रत्येक देवनागरी संकेतांकाला त्याच्या क्रमांकाइतकेच वजन देत असे. त्यामुळे दर्या व दऱ्या हे दोन शब्द राहत. नवे कोलेशन युनिकोडच्या तुलना-पद्धतीवर आधारलेले, त्या अर्थाने अधिक शास्त्रीय. परंतु त्यात फक्त पहिल्या पातळीची तुलना होते. 'ऱ' म्हणजे नुक्ता दिलेला 'र', आणि नुक्ता ही दुसऱ्या पातळीची बाब; अदृश्य जोडचिन्ह तर कोणत्याच पातळीवर मोजले जात नाही. निष्कर्ष असा की दर्या, दऱ्या आणि दर्‍या हे तिन्ही एकच शब्द ठरतात. यादीत शब्दाची पुनरुक्ती होऊ नये असा निर्बंध असेल, आणि शब्दयादीत तो असतोच, तर समुद्र आधी आला की दऱ्यांना प्रवेश नाकारला जातो.

मग कोलेशन अधिक कडक करावे, असा सल्ला लगेच मिळतो. कडक कोलेशनमध्ये दुसरी पातळी मोजली जाते, तेव्हा 'ऱ'ने लिहिलेले 'दऱ्या' वेगळे निघते. अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेले मात्र अजूनही समुद्रातच राहते. मग केवळ बाइट पाहून तुलना करावी, तर समुद्र वेगळा होतो, पण दरीचे अनेकवचन दोन वेगवेगळे शब्द होऊन बसते. तीन पर्यायांपैकी प्रत्येक पर्याय मराठीपुरता चूक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बरोबर उत्तर कोलेशनच्या आधी, मजकूर भरतानाच, एका लेखनाला प्रमाण मानून दुसऱ्याचे त्यात रूपांतर करण्यात आहे. आणि हे रूपांतर सर्व देवनागरी मजकुराला सरसकट लावता येत नाही. नेपाळीत तोच आडवा रकार जोडचिन्हाने लिहिण्याची रूढी आहे. तिथे 'ऱ' घुसविणे म्हणजे त्या भाषेच्या लेखनात ढवळाढवळ करणे होय. म्हणजे नियम लिपीचा नसून भाषेचा आहे, आणि तो लावण्यापूर्वी मजकूर कोणत्या भाषेतला हे ठाऊक असावे लागते. मायएसक्यूएलमध्ये स्वीडिशपासून सिंहलीपर्यंत अनेक भाषांची स्वतंत्र कोलेशने आहेत, मराठीचे नाही.

'ॲ'चा प्रश्न याच जातीचा. 'अ'वर अर्धचंद्र देऊन हा स्वर पूर्वी दोन संकेतांकांनी लिहिला जाई; २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. ही दोन रूपेही परस्परतुल्य नाहीत. त्या वर्षापूर्वीचा व नंतरचा मजकूर एकाच संग्रहात आला, की इंग्रजीतून आलेले कितीतरी शब्द दोनदोनदा नोंदले जातात. 'ळ'विषयी थोडक्यात : संकेतांकांच्या क्रमाने तो 'ल'नंतर लगेच, 'व'च्या आधी येतो, मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर. कोशाची अनुक्रमणिका यंत्राकडून लावून घेणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भोवलेले असते.

सगळेच भेद मात्र संकेतनाच्या माथी मारू नयेत. अंबाडी आणि अम्बाडी यांतील भेद अनुस्वार व परसवर्ण यांचा आहे. तो शुद्धलेखनाचा विषय असून १९६२ च्या लेखननियमांनी त्याचा विचार केलेला आहे. जुन्या कागदात 'अम्बाडी' असेल तर ते तसेच राहिले पाहिजे. शोधताना दोन्ही सापडावीत ही सोय शोधयंत्राने करावी, साठ्याने नव्हे. आणि अंबाडी हे गाव व अंबाडी ही पालेभाजी यांतील भेद तर कोणतेच संकेतन दाखवू शकणार नाही. तिथे संकेतांकाचे काम संपते आणि कोशकाराचे सुरू होते.

आता कार्यपद्धतीकडे वळू. मुक्तस्रोत प्रकल्पात योगदान देणारा आपला बदल एका प्रस्तावाच्या रूपाने पाठवितो. व्यवहारात त्याला पॅच किंवा पुल रिक्वेस्ट म्हणतात. इतर योगदानकर्ते तो ओळीगणिक वाचतात, शंका घेतात, चाचण्या चालवितात, आणि मग जबाबदार सभासद तो मूळ आज्ञावलीत सामावून घेतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी सुरू केलेल्या गिट या साधनामुळे प्रत्येक ओळ कोणी, केव्हा, कोणत्या टिपणीसह बदलली याची कायमची नोंद राहते. विकिमीडियाचे काम २०१२ पासून गिटवर आणि गेरिट या परीक्षणपद्धतीने चालू लागले. पाठभेदांची इतकी काटेकोर नोंद ठेवणारी दुसरी लेखनपरंपरा दाखविणे अवघड आहे.

परंतु ही नोंद आज्ञावलीची आहे. आज्ञावली ज्या मजकुरावर चालते त्याची नव्हे. स्थलांतराची तीस ओळींची संहिता गिटमध्ये सर्व पाठभेदांसह जपली जाते, आणि त्या तीस ओळींनी बदललेल्या लक्षावधी मराठी ओळींचा मूळ पाठ कुठेही राहत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुकथणकर यांनी पाया घातलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९३३ ते १९६६ या काळात ग्रंथरूपाने पूर्ण झाली. तिच्या पानांचा खालचा भाग नाकारलेल्या पाठांनी भरलेला आहे, आणि संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला तेथून दुसरा निर्णय घेता येतो. डेटाबेसच्या स्थलांतरात वरचा पाठ तेवढा छापला जातो, तळटिपा जाळल्या जातात.

याला साधनांची मर्यादा हे उत्तर पुरेसे नाही, कारण याहून चांगले उदाहरण मुक्तस्रोत जगातच आहे. इंग्रजी विकिपीडिया २००५ पर्यंत लॅटिन-१मध्ये होता. मीडियाविकी १.५ सह तो यूटीएफ-८मध्ये आला, तेव्हा लेखांच्या जुन्या आवृत्त्यांचे सरसकट रूपांतर करण्याचा मार्ग टाळण्यात आला. नव्या नोंदीवर यूटीएफ-८ अशी खूण करावयाची, खूण नसलेली नोंद जुन्या संकेतनातली समजावयाची, आणि रूपांतर वाचण्याच्या क्षणी करावयाचे, अशी व्यवस्था ठरली. मूळ बाइट जागच्या जागी राहिले. उद्या रूपांतराच्या नियमात दोष सापडला तर नियम बदलता येईल, पाठ गमावलेला नाही. या व्यवस्थेचे कारण बहुधा पाठनिष्ठेपेक्षा व्यवहार हेच असावे, कारण एवढा साठा हलविणे खर्चाचे होते. पण फळ पाठनिष्ठेचे मिळाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो यूटीएफ-८मध्येच, म्हणून त्याला या वाटेने जावे लागले नाही.

परीक्षणाच्या रीतीतही एक अडचण आहे. एखाद्या मराठी योगदानकर्त्याने 'दर्‍या'चे 'दऱ्या' असे प्रमाणीकरण करणारा प्रस्ताव पाठविला, तर परीक्षकाच्या पडद्यावर एक ओळ वगळलेली आणि तीच ओळ पुन्हा घातलेली दिसते. दोन्ही डोळ्यांना सारख्याच. लिपी न जाणणाऱ्या परीक्षकाने हा बदल निरर्थक ठरवून परत पाठविला, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्यापुढे पुरावाच ठेवलेला नाही. याउलट अंबाडीवर यशस्वी झालेली चाचणी पाहून तो स्थलांतराचा प्रस्ताव मात्र बिनदिक्कत स्वीकारील. दोन्ही निर्णय नियमाला धरून, आणि दोन्ही चुकीचे.

ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या व्यासपीठाने यासंबंधी एक साधी तोड काढलेली आहे. तिथे मीडियाविकीचा प्रत्येक संदेश जसा मराठी, कन्नड, फ्रेंच यांत असतो, तसाच तो एका काल्पनिक भाषासंकेताखालीही असतो. त्या जागी भाषांतर नसून संदेशाविषयीची टीप असते : हा शब्द नाम की क्रियापद, तो कुठे दिसतो, त्यात कोणती संख्या येईल. आज्ञावली न येणाऱ्या भाषाज्ञाला या टीपेमुळे काम करता येते, आणि त्याने केलेले भाषांतर ठराविक काळाने आपोआप मूळ आज्ञावलीत जाते. ही सोय संदेशांपुरती आहे. स्थलांतराच्या नियमांना, चाचणीच्या शब्दांना आणि कोलेशनच्या निवडीला अशी टीप जोडण्याची रूढी अद्याप पडलेली नाही.

ती पडण्यासाठी आज्ञावलीचे ज्ञान फारसे लागत नाही. चाचणीचे शब्द प्रकल्पांत साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलेले असतात आणि ती फाइल बदलण्याचा प्रस्ताव कोणालाही पाठविता येतो. हलन्तासाठी वज्रेश्वरी, उकारासाठी कुडूस व त्याच्या शेजारी कडूस, 'ठ' आणि 'भ' यांसाठी ठाणे व भिवंडी, दर्या आणि दोन्ही लेखनांतील दऱ्या, दोन्ही लेखनांतील 'ॲ', 'ळ' असलेले दोन शब्द, आणि शेवटी मोडीचे एक अक्षर व त्यापुढे देवनागरीतील एक ओळ : एवढी यादी अर्ध्या पानात बसते. प्रत्येक शब्दापुढे तो का घेतला हे एका वाक्यात लिहिले, म्हणजे लिपी न जाणणाऱ्या परीक्षकालाही चाचणी का फसली ते कळेल. भाषाविभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून पाठभेदांचे तक्ते करून घेतले जातात; त्याच रीतीने हा तक्ता करता येण्याजोगा आहे, आणि अंबाडी हे नावही त्यात ठेवावे, कारण जे नाव कधीच बिघडत नाही ते चाचणीत एकटे असू नये, एवढे त्याच्यापुढच्या वाक्यात लिहिता येईल.